वरच्या ‘सा’ची घाई

दूरचित्रवाणीवर एखाद्या गायनस्पर्धेची अंतिम फेरी असली की त्या रात्री घरोघरी जेवणाची पाने लवकर मांडली जातात. एरवी कोणत्याही गोष्टीवर एकमत न होणाऱ्या आजी आणि नात त्या दोन-तीन तासांपुरत्या एका पक्षाच्या होतात. ज्यांना जन्मात कधी सूर लागला नाही असे गृहस्थ ‘तो तिथे जरा उतरला’ असा निवाडा देऊन मोकळे होतात. आणि निकालाचा लिफाफा उघडताना निवेदक जो जीवघेणा विलंब लावतो, तेवढ्या वेळात दहाबारा वर्षांच्या एखाद्या मुलीचा चेहरा पडद्यावर इतक्या जवळून दाखविला जातो, की तिच्या ओठांची थरथरही आपल्या नजरेतून सुटू नये. मग रंगीत कागदांचा पाऊस पडतो, टाळ्यांचा कडकडाट होतो, आणि कडेला उभी असलेली हरलेली मुले डोळे पुशीत टाळ्या वाजवीत राहतात. आम्ही हे सारे वर्षानुवर्षे आवडीने पाहत आलो आहोत. म्हणूनच या आवडीचा हिशेब एकदा आमचा आम्हीच मांडावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम जमेची बाजू. अशा स्पर्धांचे जे सर्वांत सुखद चित्र मराठी प्रेक्षकाच्या मनात आहे, ते झी मराठीवरील २००८-०९ च्या ‘सा रे ग म प लिट्ल चॅम्प्स’ या पर्वाचे. पल्लवी जोशी निवेदन करीत, अवधूत गुप्ते व वैशाली सामंत परीक्षण करीत. आणि पुण्याची आर्या आंबेकर, आळंदीची कार्तिकी गायकवाड, लातूरचा रोहित राऊत, अलिबागची मुग्धा वैशंपायन व संगमेश्वर तालुक्यातील आरवलीचा प्रथमेश लघाटे ही पाच मुले ‘पंचरत्ने’ म्हणून घराघरांत पोहोचली. २००९ च्या प्रारंभी कार्तिकी विजयी ठरली. पण प्रेक्षकांनी त्या पाचांना कधी वेगळे केले नाही. ज्या घरांतून नाट्यपद आणि अभंग वडीलधाऱ्यांच्या पिढीबरोबर निघून गेले होते, त्या घरांत ते नातवंडांच्या वयाच्या मुलांच्या तोंडून परत आले. हे श्रेय त्या कार्यक्रमास दिलेच पाहिजे. आमच्या किनाऱ्यावरील प्रेक्षकाला तर त्यांतील दोन मुले आपल्याच समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेली, म्हणून त्यांचे कौतुक अंमळ अधिकच.

परंतु त्या मुलांनी आपल्याला जे ऐकविले, ते त्यांना त्या कार्यक्रमाने शिकविलेले नव्हते. आर्या ही गायिका असलेल्या आईच्या हाताखाली शिकत होती. कार्तिकीचे वडील हेच तिचे गुरू. पडद्यावर दिसलेल्या तीनचार मिनिटांच्या मागे घरातल्या तंबोऱ्यापाशी घालविलेल्या कितीतरी सकाळी होत्या. स्पर्धेने त्या मेहनतीवर प्रकाश टाकला, एवढेच. प्रकाश टाकणे हेही मोठे काम आहे. पण दिव्याच्या उजेडाला रोपाची वाढ समजणे ही चूक होय. आणि नेमकी हीच चूक पुढच्या काळात वाहिन्यांनी केली, पालकांनी केली, आणि आम्ही प्रेक्षकांनीही केली.

त्या मराठी कार्यक्रमात गुण आकड्यांनी न देता स्वरांच्या नावांनी देण्याची मोठी देखणी प्रथा होती. कोणाला ‘ध’ मिळे, कोणाला ‘नी’ मिळे, आणि एखादे गाणे विशेष रंगले की परीक्षक ‘वरचा सा’ बहाल करीत. त्या वरच्या ‘सा’साठी मुले, पालक आणि प्रेक्षक सारेच जीव टाकीत. कल्पना सुंदर होती, यात शंका नाही. मात्र ज्याने थोडेफार गाणे शिकले आहे, त्याला ठाऊक असते की गवयाची पहाट वरच्या ‘सा’ने उजाडत नाही. ती खालच्या ‘सा’ने, खर्जाच्या रियाजाने उजाडते. तो ‘सा’ ऐकावयास कोणी नसते, त्यास टाळी पडत नाही, आणि कित्येकदा घरातली माणसेही त्याला कंटाळतात. सगळा इमला मात्र त्याच पायावर उभा राहतो. आमची तक्रार वरच्या ‘सा’विषयी नाही, त्याच्या घाईविषयी आहे.

स्पर्धा ही काही दूरचित्रवाणीची निर्मिती नव्हे, हेही येथे नमूद केले पाहिजे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ केंद्रात नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरील कलावंतांसाठी ऑडिशनची कडक पद्धत सुरू झाली. परीक्षकांसमोर गायक दिसत नसे, केवळ त्याचा आवाज येत असे. त्या पद्धतीवर त्या काळी पुष्कळ टीका झाली. थोर थोर कलावंतांना परीक्षेस बसविणे हा अपमान आहे, असेही म्हटले गेले. तरीही तिच्यात एक न्याय होता: गाणाऱ्याचे रूप, वस्त्र, गाव आणि घरची परिस्थिती यांपैकी काहीही परीक्षकाच्या कानात शिरत नव्हते. पुढे १९५७ च्या मेट्रो-मर्फी स्पर्धेतून महेंद्र कपूर यांच्यासारखा पार्श्वगायक पुढे आला. तेथे न्यायासनावर नामांकित संगीतकार होते. ज्यांनी निवडले त्यांनाच उद्या त्या गळ्याकडून गाऊन घ्यावयाचे होते. आपल्या निवडीची किंमत स्वतः मोजावयाची असली की माणूस जपून निवडतो.

दूरचित्रवाणीवरील पहिल्या स्पर्धांतही हे वळण शिल्लक होते. दूरदर्शनवरील ‘मेरी आवाज सुनो’ने सुनिधी चौहान दिली. १९९५ साली झी वाहिनीवर ‘सा रे ग म’ सुरू झाले. सोनू निगम त्याचे सूत्रसंचालन करी आणि परीक्षणास संगीतातील जाणती मंडळी येत. श्रेया घोषाल लहानपणी त्याच मंचावर गायली. या कार्यक्रमांत श्रोता श्रोताच होता. आपल्याला जे आवडले ते परीक्षकाला का आवडले नाही, असा प्रश्न त्याला पडे, आणि त्या प्रश्नातून तो थोडे शिकेही.

२००४ साली ‘इंडियन आयडॉल’ आले आणि श्रोत्याचा मतदार झाला. मुंबईचा अभिजीत सावंत त्या पहिल्या पर्वाचा विजेता ठरला, याचा मराठी मनाला रास्त आनंद झाला. पण त्याबरोबर गाण्याच्या न्यायनिवाड्याचे माप बदलले. किती चांगले, हा प्रश्न मागे पडून किती जणांचे, हा प्रश्न पुढे आला. भ्रमणध्वनीवरून एकाच माणसाने कितीही संदेश पाठवावेत, प्रत्येक संदेशास नेहमीपेक्षा अधिक दर पडावा, आणि त्या पैशात वाहिनीचा व दूरध्वनी कंपनीचा वाटा असावा, अशी ही व्यवस्था. लोकशाहीत एका माणसाला एक मत असते. येथे खिशात जितके पैसे, तितकी मते! याला लोकांचा कौल म्हणणे म्हणजे भाषेवर अन्याय करणे होय.

या व्यवस्थेत गाण्याबाहेरच्या कोणत्या शक्ती जाग्या होतात, हे २००७ साली साऱ्या देशाने पाहिले. त्या वर्षीच्या ‘इंडियन आयडॉल’मध्ये दार्जिलिंगचा प्रशांत तमांग हा कोलकाता पोलिसांतील शिपाई आणि शिलाँगचा अमित पॉल हे दोघे अखेरपर्यंत पोहोचले. डोंगरातल्या माणसांनी वर्गणी काढून, मोहिमा उभारून आपापल्या मुलासाठी संदेश पाठविले. ज्या प्रदेशांकडे एरवी देशाचे लक्ष जात नाही, त्यांना त्या मुलांच्या रूपाने देशासमोर उभे राहता आले. त्या उत्साहाची थट्टा करण्याचा अधिकार कोणासही नाही. प्रशांत विजयी झाला. त्यानंतर एका नभोवाणी निवेदकाने त्याच्याविषयी केलेल्या शेरेबाजीवरून सिलिगुडीत दंगल उसळली. आणि त्याच्या समर्थनार्थ एकवटलेल्या लोकभावनेवर आरूढ होऊन त्याच वर्षी दार्जिलिंगच्या राजकारणात गोरखा जनमुक्ती मोर्चा हा नवा पक्ष उभा राहिला. इकडे मेघालय सरकारने अमित पॉलला शांततेचा आणि सलोख्याचा दूत नेमले. या सगळ्या धामधुमीत ती दोन मुले गायली कशी, हे आज किती जणांना आठवते?

आम्ही गोव्याची माणसे या प्रकाराकडे परक्याच्या नजरेने पाहू शकत नाही. आपला प्रदेश चिमुकला, आपली लोकसंख्या थोडी. त्यामुळे आपल्यापैकी एखादा मुलगा वा मुलगी मोठ्या पडद्यावर दिसली की आपला ऊर भरून येतो. नाक्यानाक्यावर फलक लागतात, ‘आपल्या गोव्याचा आवाज’ अशी आवाहने होतात, आणि त्या फलकावर गाणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यापेक्षा पुढाऱ्याचा चेहरा मोठा असतो. मुलाला मत द्या, असे सांगणाऱ्यांपैकी त्याला पुढची पाच वर्षे तालीम मिळावी म्हणून काही करणारे किती असतात? मत देण्यास क्षण पुरतो. शिष्य सांभाळण्यास आयुष्य द्यावे लागते.

मतांची ही बाजू झाली. परीक्षकांची बाजूही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. प्रत्येक गाणे ‘अप्रतिम’, प्रत्येक गळा ‘ईश्वरी देणगी’, प्रत्येक भागात कोणी ना कोणी खुर्ची सोडून उभे राहणार आणि कोणाच्या ना कोणाच्या डोळ्यांत पाणी येणार, हे प्रेक्षकाला पाठ झाले आहे. २०२१ साली ‘इंडियन आयडॉल’मध्ये किशोरकुमार यांच्या गाण्यांचा विशेष भाग झाला. त्यास पाहुणे म्हणून गेलेल्या अमित कुमार यांनी मागाहून उघडपणे सांगितले, की सर्व स्पर्धकांची स्तुती करावयास आपणास सांगण्यात आले होते. त्यावर बराच गदारोळ झाला. आमच्या दृष्टीने त्यातील खरी खंत अशी, की प्रेक्षकांपैकी कोणालाही त्याचे फारसे आश्चर्य वाटले नाही. वाहवा सरसकट वाटली की तिचे मोल उरत नाही. आणि ज्या मुलाला खरोखरच वाहवा मिळावयास हवी, त्याच्याही वाट्याला तेच खोटे नाणे येते. चूक दाखविणे म्हणजे अपमान करणे, अशी एक समजूत या कार्यक्रमांनी रुजविली आहे. वस्तुतः शिष्याची चूक प्रेमाने आणि नेमकेपणाने दाखविणे यासारखा त्याचा दुसरा सन्मान नाही.

येथे कोणी विचारील, की लहान मुलांना मंचावर आणण्याचा दोष तुम्ही आजच्या काळाला कशासाठी देता? मास्टर दीनानाथ लहान वयातच किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले नव्हते काय? आक्षेप रास्त आहे. मंगेशीचे दीनानाथ १९१४ साली किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचे होते, आणि १९१८ साली बळवंत संगीत मंडळीच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. कुर्डीच्या मोगूबाईंनीही बालपणी नाटक मंडळीतून कामे केली. त्या कंपन्यांतील जीवन सुखाचे होते, असे आम्ही म्हणणार नाही; तेथेही कष्ट होते, परावलंबन होते, पोरवयातील हाल होते. पण तेथे सकाळी तालीम होती आणि तालमीस मास्तर होता. एखाद्या रात्री पद पडले तर दुसऱ्या रात्री ते सुधारून म्हणावयाची संधी होती. एका रात्रीच्या चुकीसाठी मुलाला रंगमंचाच्या मध्यभागी उभे करून, आईबापांच्या डोळ्यांदेखत, ‘तुझा प्रवास येथे संपला’ असे सांगण्याची पद्धत मात्र कोणत्याही कंपनीत नव्हती.

या पद्धतीचे परिणाम काय होऊ शकतात, ते २००८ साली कोलकात्यातील एका सोळा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणाने दाखवून दिले. दूरचित्रवाणीवरील नृत्याच्या कार्यक्रमात परीक्षकांनी कठोर शब्दांत झिडकारल्यानंतर ती खचली, तिची वाचा गेली, हालचाल थांबली आणि तिला बंगळूरच्या रुग्णालयात उपचारांसाठी न्यावे लागले. वरची खोटी स्तुती आणि ही झिडकारणी या एकाच नाण्याच्या दोन बाजू होत. दोहोंतही मुलापेक्षा पडद्यावरील क्षण महत्त्वाचा असतो. पुढे शासनास जाग आली. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनी बालकलाकाराचे काम दिवसाला पाच तासांपुरते मर्यादित केले. विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक काम नको, सलग सत्तावीस दिवसांहून अधिक काळ त्यास राबवू नये, त्याच्या कमाईचा किमान पाचवा हिस्सा त्याच्याच नावे मुदतठेवीत ठेवावा आणि निर्मात्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी, असे दंडक घातले गेले. २०१९ साली माहिती व प्रसारण मंत्रालयाने बालकांना मोठ्यांच्या गाण्यांवर अशोभनीय रीतीने नाचविण्याबद्दल वाहिन्यांना समज दिली. हे सर्व आवश्यकच होते. पण तासांची मर्यादा घालता येते, तशी अपेक्षांची घालता येत नाही. घरी परतलेल्या मुलाकडे शाळा, शेजार आणि नातेवाईक ज्या नजरेने पाहतात, त्या नजरेस कोणत्याही नियमाची वेसण नाही.

त्या ‘पंचरत्नां’चे पुढे काय झाले, हे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. २०२१ साली त्याच कार्यक्रमाच्या नव्या पर्वात ती पाचही मुले, आता तरुण होऊन, परीक्षकांच्या आसनावर बसली. रोहित राऊत मधल्या काळात पुन्हा स्पर्धक म्हणून हिंदी ‘इंडियन आयडॉल’मध्ये उतरला आणि २०२० साली उपविजेता ठरला. पाचहीजण गात राहिले. समोर घाबरून उभे राहिलेल्या मुलाच्या छातीत काय चालले आहे, हे त्यांच्याइतके कोणास कळणार? परंतु पाचांच्या या सुखद कथेमागे त्या आणि नंतरच्या अनेक पर्वांतील जी शेकडो मुले चाचणीच्या रांगेत उभी राहून परत गेली, त्यांची कथा कोणी चित्रित करीत नाही. त्यांतील काहींनी त्यानंतर तंबोरा खाली ठेवला असेल. कोणतीही स्पर्धा कशी आहे, हे तिच्या विजेत्यावरून ठरवू नये. हरलेला मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी गावयास बसतो की नाही, यावरून ठरवावे.

आमच्या या भूमीने जगाला दिलेले गाणे घाईचे नव्हते. केरीच्या केसरबाई १९२१ च्या सुमारास अल्लादियाखाँसाहेबांकडे विधिवत शिष्या म्हणून गेल्या, त्या वेळी त्या अजाण बालिका नव्हत्या. गायिका म्हणून वावरलेल्या होत्या. तरी त्यांनी पुन्हा प्रारंभापासून शिकणे पत्करले आणि खाँसाहेबांच्या हयातीपर्यंत ते चालू ठेवले. १९७७ साली मानवाने ताऱ्यांच्या दिशेने जी ‘व्हॉयेजर’ याने पाठविली, त्यांतील ध्वनिमुद्रिकेवर भारतीय संगीत म्हणून त्यांची भैरवी आहे. तो स्वर तेथवर पोहोचला, तो कोणाच्या मतांच्या बळावर नव्हे. मोगूबाईंचा रियाज सांगलीत अल्लादियाखाँसाहेबांच्या कानी पडला आणि ते आपण होऊन शिकवावयास आले. तेथे परीक्षक होता, स्पर्धा नव्हती. आणि पारितोषिक म्हणून मिळाली ती विद्या.

आजही वास्कोच्या श्री दामोदर भजनी सप्ताहात अहोरात्र भजन चालते. एक पथक उठते, दुसरे बसते, टाळ थांबत नाही. कोणाचा आवाज फाटका, कोणाचा सुरेल. पण कोणी बाद होत नाही, कारण सूर अखंड राहणे हेच तेथे सर्वांचे काम असते. भजनी स्पर्धाही आपल्याकडे होतात, आणि त्यांत चुरसही असते. परंतु निकालानंतर परीक्षकाभोवती मुलांचा घोळका जमतो, कोठे चुकले ते विचारतो, आणि हरलेले पथक पुढच्या एकादशीला आपल्या देवळात पुन्हा उभे राहते. स्पर्धा संपली तरी गाणे संपत नाही, ते या मागच्या देवळामुळे. दूरचित्रवाणीच्या स्पर्धेमागे असे देऊळ नाही.

तेव्हा काय करावे? या स्पर्धा बंद कराव्यात, अशी मागणी २०१७ साली शूजित सरकार यांच्यासारख्या चित्रपट-दिग्दर्शकानेही मुलांच्या बाबतीत केली होती. आम्ही इतके टोक गाठणार नाही. त्या बंद झाल्या तर खेड्यातील गुणी मुलाला उघडणारे एक दारही बंद होईल. पण वाहिन्यांना तीन गोष्टी निश्चित करता येतील. लोकप्रियतेचा कौल हवा तर अवश्य घ्यावा, मात्र त्याचे पारितोषिक वेगळे ठेवावे आणि गाण्याचा निकाल जाणकारांवर सोडावा. परीक्षकांनी गुण देताना कारण सांगावे, म्हणजे घरी बसलेला श्रोताही शिकेल. आणि मुलांच्या स्पर्धेत कोणाला दर आठवड्यास घरी धाडण्याचा तो क्रूर सोहळा बंद करून निवडलेली सर्व मुले अखेरपर्यंत ठेवावीत. बक्षिसाच्या रकमेतील काही भाग त्यांच्या पुढील शिक्षणासाठी बांधून द्यावा. प्रेक्षक कमी होतील, ही भीती व्यर्थ आहे. ज्या पाच मुलांवर महाराष्ट्राने आणि गोव्याने जीव लावला, तो त्यांच्या रडण्यामुळे लावला नव्हता.

राहिला आमचा, म्हणजे प्रेक्षकाचा, वाटा. पुढच्या वेळी गावातील एखादे मूल त्या मंचावर दिसले तर आपण अवश्य आनंद मानू, मतही देऊ. पण त्याच दिवशी आपण एवढी चौकशी करावी, की त्याला शिकविणारे मास्तर कोण, त्यांच्याकडे आणखी किती मुले येतात, त्यांच्या पेटीचा भाता फाटला आहे काय, आणि पावसात शिकवणीची खोली गळते काय. ते मूल जिंकून आले तर त्याची मिरवणूक काढण्यास शंभर माणसे पुढे येतील. हरून आले तर पुढल्या चतुर्थीस त्याला आपल्या घरच्या आरतीत, देवळाच्या चौकात गावयास बोलावणारा एक तरी माणूस असावा. वरचा ‘सा’ ज्याला लागावयाचा त्याला लागेल. पहाटेच्या अंधारात कोठेतरी एखादे मूल खालचा ‘सा’ धरून बसले असताना शेजारच्या घरातून ‘काय ही कटकट’ असा आवाज आला नाही, तरी आपण गाण्यासाठी पुष्कळ केले असे होईल.